उपग्रह टर्मिनलची देखभाल निविदा न काढता एकाच कंपनीला : सुरक्षा की मक्तेदारी?

पुलगाव_फलाट
राम राम मंडळी. भाच्याचं आमच्याकडे रिपेरिंगचं दुकान आहे. इन्व्हर्टर, सीसीटीव्ही आणि बँकांच्या छपरावरच्या व्हीसॅटच्या (उपग्रहाने जोडणाऱ्या) छत्र्या ही त्याची कामं. डिप्लोमा झालाय, हात चांगला आहे. दारूगोळा डेपोच्या गावात वाढलेलं पोरगं, त्यामुळे लष्कराचं एखादं काम मिळावं ही फार जुनी हौस. सरकारी खरेदीच्या पोर्टलवर रोज रात्री काहीतरी धुंडाळत बसतो. तिथं त्याला उपग्रह दळणवळणाच्या टर्मिनलची वार्षिक देखभाल असं काम दिसलं, आणि खाली 'एकल निविदा, पीएसी (वस्तू एकाच कंपनीची असल्याचा दाखला) आधारावर'. म्हणजे कंपनी आधीच ठरलेली, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं.
तेव्हापासून तो धुमसतोय. माझंही मत त्याच्याच बाजूचं आहे. पैसा करदात्याचा असेल तर चार जणांना भाव सांगू द्या, मग ज्याला द्यायचं त्याला द्या. की या कामात खरंच दुसरा कोणी चालत नाही? जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_ठेचा
काय बाप्पा, कापसाचा भाव सोडून डायरेक्ट उपग्रह! मी खारे दाणे घेऊन बसलो. चालू द्या.

रिटायर_हवालदार
ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, नोकरी झाली, त्यातला बराचसा काळ सिग्नलच्या युनिटांसोबत. कुठं काय लावलंय हे विचारू नका, सांगणार नाही. मोघम सांगतो.
बँकेच्या छपरावरची छत्री आणि आमचं टर्मिनल, दोन्हीचं कूळ एकच. छत्री, तिच्या तोंडाशी फीड, सिग्नल घेणारा एलएनबी, पाठवणारा बीयूसी, खाली मोडेम. फलाटभाऊंच्या भाच्याला यातलं बरंच जमेल, शंका नाही. फरक पुढे सुरू होतो. टर्मिनल गाडीवर असेल तर गाडी थांबल्यावर छत्रीने आपोआप उपग्रह शोधायचा असतो. त्याला मोटारी, जायरो आणि एक कंट्रोलर लागतो. त्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं. आतलं सर्किट कार्ड तपासायचं जिग त्यांचंच. संदेश सांकेतिक करणारी पेटी सीलबंद असते, तिला बाहेरच्या माणसाने हात लावायचाच नाही.
युनिटात आम्ही कार्ड बदलायचो. कार्डातला नेमका कोणता भाग गेला ते शोधायचं तर ते मागे बेस वर्कशॉपला जायचं, तिथंही ड्रॉइंग नसेल तर फेसात गुंडाळून, पेटीत घालून कंपनीकडे. ड्रॉइंग नाही म्हणून कंपनी एक. यात कोणाचं कोणावर प्रेम नाही.

सरळ_रेषा
हवालदारसाहेब, आदर आहे. पण ही कारणं छापील असतात. 'तांत्रिक कारणास्तव' लिहिलं की कोणी विचारत नाही. आमच्या तालुक्यात हातपंपाच्या दुरुस्तीलाही एकच ठेकेदार 'तांत्रिकदृष्ट्या सक्षम' निघतो, आणि तो कोणाचा साळा आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं.

वऱ्हाडी_ठेचा
साळा हीच मूळ उत्पादक कंपनी 😀

लेखापाल_अकोला
आयुष्य फायलींत गेलं, म्हणून थोडं नियमांचं.
केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम १६६ आहे, एकल निविदेचा. तो तीनच प्रसंगी लागतो. वस्तू एकच कंपनी बनवते हे विभागाला माहीत असणं, तातडी असणं, किंवा आधीच्या यंत्राला जुळणारे सुटे भाग त्याच ठिकाणाहून घेणं भाग असणं. तिसऱ्यासाठी सक्षम तांत्रिक तज्ज्ञाचा सल्ला लागतो. पीएसी म्हणजे सोबत जोडायचा दाखला. त्यात जेमतेम तीन ओळी असतात : ही वस्तू अमुक कंपनी बनवते, दुसरी कोणतीही अमुक कारणांसाठी चालणार नाही, आणि वित्त शाखेची संमती आहे. सगळा जीव त्या मधल्या ओळीत. सरळरेषा म्हणतात तो घोळ झालाच तर तिथेच होतो.
दुसरं, देखभाल हा महसुली खर्च. नवीन टर्मिनल घेणं हा भांडवली. भांडवली खरेदी संरक्षण संपादन कार्यपद्धती २०२० प्रमाणे चालते, महसुली संरक्षण खरेदी नियमावलीप्रमाणे. ही नियमावली २००९ ची होती, नवीन १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वर्षाला साधारण १ लाख कोटींची महसुली खरेदी तिच्याखाली येते. जुन्या नियमावलीतही बजावलेलं होतंच की पीएसीने मक्तेदारी तयार होते, म्हणून दाखला नीट विचार करून द्या.

वकील_वणी
लेखापालांना पुरवणी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठ महापालिकेच्या एका प्रकरणात सांगितलं की सरकारी कंत्राट साधारणपणे जाहीर लिलाव किंवा निविदेनेच द्यावं, खासगी वाटाघाटीने देणं हा अपवाद. अपवाद कोणते? नैसर्गिक आपत्ती, आणीबाणी, किंवा पुरवठादार एकटाच असणं. पुढच्या वर्षी केंद्रीय दक्षता आयोगाने त्याच निकालाचा आधार घेऊन सगळ्या खात्यांना पत्र पाठवलं.
म्हणजे भाच्याला कोर्टात जायचंच असेल तर प्रश्न 'एकाला का दिलं' हा नसून 'एकटाच आहे हे कशावरून ठरवलं' हा असेल. माझी फी वेगळी.

जिनिंगवाला
तुमी लोकं नियम सांगून राहिले, मी आमच्या जिनिंगातली गोष्ट सांगतो. गाठी बांधाचा नवा प्रेस घेतला. पॅनेलवर पीएलसी, म्हंजे मशीन चालवणारा कंट्रोलर, समोर इवलासा पडदा. भर सीझनमंदी, गेटाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग, अन् प्रेस अर्ध्यात थांबला. पडद्यावर आलं 'पासवर्ड टाका'. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणे, शेट, सिलिंडरवरचा सेन्सर गेला, बदलून देतो. बदलला बी. पण कंट्रोलर पुढं सरकेच ना. एरर पुसाचा कोड कंपनीच्या माणसाजवळ, अन् तो माणूस परराज्यात. फोनवर सांग ना बाबा, तं म्हणे पॉलिसीत बसत नाही. मंग तो आला, चार आकडे दाबले, चहा पेला, बिल फाडलं अन् गेला. तवरिक कास्तकार बाजूच्या जिनिंगात माल टाकून मोकळे.
माहा प्रेस अडला तं कापूस अडला. तिकडं सीमेवर अडलं तं? म्हणून एकाच्याच हातात नको देऊ.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे बैल आपला अन् वेसण इकणाऱ्याच्या हातात!

लॅबवाली_ताई
जिनिंगवाले भाऊ, +१. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणीचं यंत्र आहे. रसायनाच्या बाटलीवरचा बारकोड वाचल्याशिवाय चालूच होत नाही. दुसऱ्या कंपनीची बाटली लावली तर 'अमान्य'. यंत्र स्वस्तात मिळालं तेव्हा सगळे खूश होते.

रिटायर_हवालदार
शेटजी, गोष्ट सोळा आणे खरी, पण निष्कर्ष उलटा निघतो. समजा तुम्ही देखभालीची निविदा काढली आणि भाच्याने ती जिंकली. पडद्यावर पासवर्ड आला की भाचा फोन कोणाला लावणार? त्याच माणसाला. आता तो माणूस भाच्याकडून पैसे घेणार, भाचा तुमच्याकडून. एकाचे दोन झाले, कोड एकाजवळच.
प्रेस घेताना कोड, वायरिंगचा नकाशा आणि प्रोग्रामची प्रत लिहून घेतली असती तर देखभालीला चौघं आले असते. लष्करातही तेच. कुलूप लागतं खरेदीच्या दिवशी आणि आरडाओरडा होतो देखभालीच्या दिवशी.

सरळ_रेषा
हे पटलं. मग खरेदीच्या दिवशी लिहून का घेत नाहीत? तिथं कोण झोपलेलं असतं?

लेखापाल_अकोला
झोपलेलं कोणी नसतं, पैसे लागतात. भांडवली करारात शिफारस केलेल्या सुट्या भागांची यादी असते, तिला एमआरएलएस म्हणतात. प्रशिक्षण, कागदपत्रं, तपासणीची उपकरणं यांचा ईएसपी नावाचा गठ्ठा असतो. हे सगळं मागता येतं. पण कार्डाचं ड्रॉइंग आणि सॉफ्टवेअरची मूळ प्रत म्हणजे कंपनीचं पोट. ती एक तर देतच नाही, किंवा असा आकडा सांगते की फाईलवर सही करणाऱ्याचा हात थबकतो. सर्वात कमी दराचा हिशेब करताना आजचा आकडा दिसतो, वीस वर्षांच्या देखभालीचा कमी दिसतो. आयुष्यभराचा खर्च धरण्याची तरतूद कागदावर आहे. पण तो धरून सही करणारा अधिकारी बदलून जातो, आणि नंतर ऑडिटचे पॅरे, म्हणजे आक्षेप, येतात ते खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसाला.

सातासमुद्रापार
मूळचा आर्वीचा, सध्या अमेरिकेत, सरकारी कंत्राटांच्याच धंद्यात. इथली पद्धत सांगतो, तुलनेला बरी पडेल.
१९८४ च्या स्पर्धा कायद्याने खुली स्पर्धा हा नियम आणि बाकी सगळे अपवाद ठरवले. अपवाद सात. त्यात सर्वात जास्त वापरात दिसणारा 'एकच जबाबदार स्रोत' हा. उपग्रह टर्मिनलची देखभाल बहुतेक वेळा यातच बसवतात. युक्तिवाद असा की दुसऱ्याला दिलं तर तोच खर्च पुन्हा करावा लागेल आणि तो स्पर्धेतून भरून निघणार नाही, किंवा काम इतकं लांबेल की सैन्याला परवडणार नाही. पण हे नुसतं म्हणून भागत नाही, समर्थनपत्र लिहावं लागतं. बाजारात कोणाकोणाला विचारलं, इतर कंपन्यांनी रस दाखवला का, आणि पुढच्या वेळी स्पर्धा व्हावी म्हणून काय करणार, हे सगळं त्यात हवं. कंत्राट दिल्यावर साधारण १४ दिवसांत ते जाहीर करतात, गोपनीय ओळींवर काळी पट्टी मारून. 'आम्ही वेळेत नियोजन केलं नाही' हे कारण कायद्यानेच बाद आहे.
इतकं करूनही कुलूप आहेच. ती 'पुढच्या वेळी काय करणार' ची ओळ मी पुष्कळ वाचली आहे. दरवेळी तीच ओळ, पुढच्या वेळी तीच कंपनी.

सरळ_रेषा
आणि भाव? एकटाच असेल तर तो म्हणेल तो भाव. तो खरा की खोटा कसं कळतं?

सातासमुद्रापार
त्यासाठी इथे १९६२ चा कायदा आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या कंत्राटात स्पर्धा नसेल तर कंपनीने आपल्या खर्चाची आकडेवारी प्रमाणित करून द्यायची, खोटी निघाली तर पैसे परत. पळवाट अशी की मर्यादेच्या खाली छोट्या छोट्या ऑर्डरी असतील तर आकडेवारी सक्तीची नाही. विमानांचे सुटे भाग विकणाऱ्या ट्रान्सडाइम कंपनीचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी ४७ भाग तपासले, त्यातल्या ४६ वर अवाजवी नफा निघाला, एकूण १.६१ कोटी डॉलर. संसदेच्या समितीपुढे वाभाडे निघाल्यावर कंपनीने ती रक्कम परत केली. बहुतेक ऑर्डरी त्या मर्यादेखालच्याच होत्या.

लेखापाल_अकोला
आपल्याकडे वाटाघाटी समिती बसते, मागच्या खरेदीचा दर समोर ठेवते आणि घासाघीस करते. मागचा दरच चढा असेल तर पुढचा त्याच्यावर दहा टक्के. दर वाजवी असल्याचं प्रमाणपत्र मात्र फाईलला नेहमी लागलेलं असतं.

टॉवरवाला_गडचिरोली
उशिरा आलो, इकडे रेंज नव्हती. (विषयाला धरूनच आहे हे.)
भाच्याचं काम मी रोज करतो. भामरागडकडच्या छत्र्या. लोकांना वाटतं उपग्रहाची देखभाल म्हणजे रॉकेट सायन्स. अर्ध्याहून जास्त तक्रारी फीडच्या तोंडावरच्या पातळ झाकणाच्या. कावळा चोच मारतो, बारीक भोक पडतं, पहिल्या पावसात आत पाणी. बाहेरून छत्री झकास दिसते, सिग्नल मेलेला. दुसरी तक्रार वानराची. खांबावर चढून छत्रीच्या काठावर बसतं, छत्री जराशी झुकते, आणि ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहासाठी तेवढं पुरतं. तिसरी म्हणजे कनेक्टरला चिकटपट्टी नीट न गुंडाळणं. सॉफ्टवेअर, पासवर्ड वगैरे फार नंतर.
म्हणून हवालदारसाहेब, प्रश्न तुम्हालाच. छत्री, केबल, कनेक्टर, जनरेटर, एसी ही कामं त्या एका कंत्राटात कशाला कोंबायची? सीलबंद पेटी आणि कंट्रोलर ठेवा कंपनीकडे. बाकीचं वेगळं काढलं तर आमच्यासारख्यांना जागा होईल.

रिटायर_हवालदार
हे मला मान्य आहे, आणि काही ठिकाणी तसं होतंही. एसी, जनरेटर, बॅटऱ्या बहुतेक वेगळ्याच असतात. पण छत्री-केबल वेगळी काढायला अधिकारी कचरतात, त्यालाही कारण आहे. रात्री लिंक पडली. कंपनी म्हणते केबल खराब, केबलवाला म्हणतो मोडेम खराब. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि लिंक पडलेलीच. पहाटे तीनला कमांडिंग ऑफिसरला एकच फोन नंबर हवा असतो. तुमची ती स्पर्धा, नियम १६६, त्यावेळी कोणाला आठवत नाही.

सरळ_रेषा
एका फोन नंबरची किंमत किती द्यायची हाच तर प्रश्न आहे साहेब.

रिटायर_हवालदार
चौकीवर एक हिवाळा काढा, मग किंमत सांगा.

लॅबवाली_ताई
अहो दोघे, शांत व्हा. दोघांचं बरोबर असू शकतं.

जिनिंगवाला
ताई, असं म्हणू नका. मज्जा चालली हाय.

मोहफूल
मला वाटतं मोठी भीती भावाची नाहीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला त्याच दिवशी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट जाळ्यावर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम एका झटक्यात निकामी. जर्मनीच्या एका कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांवर दुरून लक्ष ठेवणं बंद पडलं, कारण त्याही त्याच जाळ्यावर होत्या. एकच कंपनी, एकच मोडेम, एकच अपडेटचा रस्ता असेल तर शत्रूलाही एकच दार शोधावं लागतं. त्यानंतर युक्रेनचं सैन्य इलॉन मस्कच्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेटवर टेकलं, मग एका उद्योगपतीच्या मर्जीची चर्चा सुरू झाली.

टॉवरवाला_गडचिरोली
स्टारलिंक निघालंच आहे तर : नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं. गडचिरोली, वाशिम, नंदुरबार, धाराशिव अशी नावं आहेत त्यात. शाळा, आरोग्य केंद्रं जोडायची म्हणे. वाशिमवाले कोणी असतील तर तयार राहा, वानरं त्याही छत्रीवर बसतील.

लेखापाल_अकोला
इरादापत्र म्हणजे कंत्राट नव्हे, एवढंच नमूद करतो.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर. नौदलाच्या जीसॅट-७ चं नाव रुक्मिणी आहे, माहीत आहे का कोणाले? ३० ऑगस्ट २०१३ ले फ्रेंच गयानातून गेला वरती. रुक्मिणी आमच्या कौंडण्यपूरची. म्हंजे उपग्रह माहेरचाच झाला, मंग देखभाल पुलगावच्या भाच्याले नाही द्यायची तं कोणाले?

रिटायर_हवालदार
ठेचा, हे मात्र आवडलं. वायुदलाचा ७ए डिसेंबर २०१८ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला. नौदलाला नवीन सीएमएस-०३ मिळाला २ नोव्हेंबर २०२५ ला, ४,४०० किलोचा, आणि तोही आपल्याच रॉकेटवर. २०१३ ला परदेशी रॉकेट लागलं होतं. लष्करासाठी ७बी चा करार मार्च २०२३ मध्ये न्यूस्पेस इंडियाशी झाला, सुमारे २,९६३ कोटींचा.

वकील_वणी
आणि न्यूस्पेस इंडिया सरकारचीच. तिथं कोणी मक्तेदारी म्हणून ओरडलं नाही. आपली कंपनी असली की सगळं चालतं.

सातासमुद्रापार
चालावंच थोडं. ड्रॉइंग देशात राहतं. परदेशी कंपनीचं टर्मिनल असेल तर कार्ड दुरुस्तीला पाठवायलाही निर्यात परवाना लागू शकतो. इथेही वारं बदलतंय म्हणा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी भूदलाला आदेश दिला की करारांत स्वतः दुरुस्ती करण्याचा हक्क लिहून घ्या, जुने करारही तपासा. कंपन्यांचे वकील तेव्हापासून कामाला लागलेत.

पुलगाव_फलाट
बरंच शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. भाच्याला अख्खा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो, सगळं खरं, पण मी काय करू? माझं मत अजून तेच आहे, देखभालीत फोड करून लहान माणसाला जागा द्यावी. हवालदारसाहेबांचा पहाटे तीनचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही.

लेखापाल_अकोला
भाच्याला दोन रस्ते सांगतो. पहिला, उद्यम नोंदणी असेल तर छोट्या उद्योगांना बयाणा रकमेत सूट मिळते, ती घ्या आणि जनरेटर-बॅटरी-केबलच्या उघड्या निविदा भरा. कामाचा अनुभव कागदावर जमवा. दुसरा, संरक्षण खात्याचं सृजन पोर्टल ऑगस्ट २०२० पासून आहे. परदेशातून येणारे भाग तिथं यादीत टाकतात, देशात कोणी बनवतं का म्हणून. कनेक्टर, केबल हार्नेस, ब्रॅकेट असलं बारीक सामान शोधा. आणि ज्याच्या नावाने पीएसी निघाली आहे त्याच कंपनीला पत्र टाका : विदर्भात तुमचा माणूस आहे का? तिचा इंजिनियर बंगळुरूहून येत असेल तर तिलाही स्थानिक हात स्वस्त पडतो. काम पोटकंत्राटाने येईल, सहीला नाव त्यांचंच. मंजुरी मात्र लागेल, आणि पोलिस पडताळणीही.

सरळ_रेषा
म्हणजे शेवटी मक्तेदाराच्याच दारात उभं राहायचं. छान.

जिनिंगवाला
मी तं राहतो दरवर्षी. फरक एवढाच का आता नव्या मशीनच्या करारात कोड लिहून घेतो. देत नाई म्हणे तं दुसरी मशीन. दोन कंपन्या पळून गेल्या, तिसरीनं देला.

टॉवरवाला_गडचिरोली
फलाटभाऊ, पावसाआधी सिरोंच्याकडच्या छत्र्या तपासायच्या आहेत. झाकणं बदलायची, कनेक्टर गुंडाळायचे, झुकल्या त्या सरळ करायच्या. माणूस कमी आहे. पोरगं येईल का? जीप आमची, जेवण आमचं, रोजी ठरवू. अनुभवाचं पत्रही देतो लेखापाल म्हणतात तसं.

वऱ्हाडी_ठेचा
सिरोंचा? पुलगावहून निघालं तं पोहोचेस्तोवर रुक्मिणी रिटायर होईन.

पुलगाव_फलाट
येतो म्हणतोय. नंबर वैयक्तिक निरोपात पाठवतो. एलएनबी तपासायचं मीटर स्वतःचं आणायचं का?

टॉवरवाला_गडचिरोली
हो, आणि मीटरचं चार्जरही. तिकडे लाइटचा भरवसा नाही.